वायर न ओढता दोन ॲक्सेस पॉइंट कसे जोडायचे: माजघरापासून बागेतल्या घरापर्यंत

फायबरचं कनेक्शन रस्त्याकडच्या खोलीत येऊन थांबतं आणि घर मात्र मागे पसरलेलं असतं. माजघराच्या भिंतीपलीकडे वायफायची एकच काडी उरते, मागच्या पडवीत तीही जाते. बागेतल्या घराचं तर नावच नको. मग दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, आणायचं ठरतं आणि लगेच प्रश्न येतो: त्याच्यापर्यंत इंटरनेट न्यायचं कसं?

केबल ओढता येत असेल तर केबलच ओढा. चांगल्या तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत कुठल्याही बिनतारी लिंकपेक्षा भरवशाची असते. पण भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, चिऱ्याची भिंत दीड फूट जाड असते, मध्ये शेजाऱ्याचं कुंपण किंवा गावचा रस्ता येतो. शिवाय दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल नेली की वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तरी दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. अशा ठिकाणी बिनतारी लिंक हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र दोन यंत्रांमधली ही लिंक म्हणजे न दिसणारी केबल आहे, हे पक्कं धरून चाला. केबल आपण फोनशी वाटून घेत नाही, मध्येच वाकवत नाही, रोज नव्या वाटेने नेत नाही. लिंकलाही तेच लागू आहे. तिला स्वतःचा रेडिओ, ठरलेला चॅनल आणि मोकळी वाट हवी.

नुसता क्लायंट मोड का पुरत नाही

बरेच जण दुसऱ्या राउटरला क्लायंट करून, म्हणजे एखाद्या फोनसारखा, पहिल्याच्या वायफायला जोडतात आणि तिथेच अडकतात. दुसऱ्या राउटरवरून पिंग (पोचतंय का हे तपासणारा छोटा संदेश) जातो, त्याचं स्वतःचं अपडेटही उतरतं, पण त्याच्या मागे जोडलेल्या फोनला नेट मिळत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं. खोट पत्त्यांमध्ये असते.

फोन आणि ॲक्सेस पॉइंट बोलतात तेव्हा हवेतल्या प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, तीन पत्ते असतात. फोनकडून निघालेल्या फ्रेमवर ॲक्सेस पॉइंटचा, फोनचा आणि शेवटी जिथे पोचायचं तिथला. इथे रेडिओवरून पाठवणारा आणि मूळ पाठवणारा एकच, म्हणजे तो फोन, असं गृहीत असतं. दुसऱ्या राउटरमागच्या लॅपटॉपची फ्रेम पुढे पाठवायची झाली तर हे दोघं वेगळे होतात. रेडिओवरून बोलतो राउटर, पण माल लॅपटॉपचा. तीन रकान्यांत चार नावं बसत नाहीत. अनोळखी पत्त्याची फ्रेम आली की पहिला ॲक्सेस पॉइंट ती टाकून देतो, आणि परतीच्या फ्रेमवरही खरा पत्ता लिहायला जागा नसते.

यावरचा उपाय म्हणजे चार पत्त्यांची फ्रेम. हिलाच डब्ल्यूडीएस म्हणतात. वायफायच्या ८०२.११ या मानकात चार पत्त्यांचा साचा पूर्वीपासून आहे, पण दोन यंत्रांनी लिंक कशी जुळवायची हे त्यात बांधून दिलेलं नाही. प्रत्येक चिप बनवणाऱ्याने आपापली पद्धत काढली, आणि म्हणून एका कंपनीचा डब्ल्यूडीएस दुसरीशी जुळेलच असं नाही. खरेदीच्या वेळी हा नियम सोडू नका: दोन्ही टोकांना एकाच कंपनीची यंत्रं, किंवा दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर टाकायची खुली, मोफत प्रणाली.

बाजारात मिळणारे स्वस्त रिपीटर याला वेगळी बगल देतात. मागच्या सगळ्या उपकरणांच्या मॅक पत्त्यांच्या (प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या हार्डवेअर पत्त्यांच्या) जागी ते स्वतःचा पत्ता लावतात. नुसतं ब्राउझिंग चालतं. पण मुख्य राउटरला पाच उपकरणांच्या जागी एकच दिसतं, कॅमेऱ्याला ठरलेला आयपी मिळत नाही, प्रिंटर कधी दिसतो कधी नाही. एका फोनपुरतं ठीक, घराचं नेटवर्क त्याच्यावर उभं करू नये.

यंत्रं

घरातल्या घरात लिंक करायची तर दोन ड्युअल बँड राउटर पुरतात. ५ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ लिंकला द्यायचा, दुसऱ्या टोकाला २.४ गिगाहर्ट्‌झवर फोन जोडायचे. एकच रेडिओ दोन्ही कामांना वापरला तर वेग निम्मा होतो, कारण रेडिओ एका वेळी एक तर ऐकतो किंवा बोलतो. आलेली प्रत्येक फ्रेम त्याला त्याच चॅनलवर पुन्हा पाठवावी लागते. पुढे अशीच आणखी एक बिनतारी उडी घेतली तर वेग आणखी घटतो.

ओपनडब्ल्यूआरटी टाकायचं असेल तर राउटरच्या पोटाखालचं लेबल वाचा. एकाच नावाच्या राउटरच्या वेगवेगळ्या हार्डवेअर आवृत्त्यांत चिप वेगळी असते. एक चालते, दुसरी अजिबात नाही. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने राउटर आता या कामाचे राहिलेले नाहीत. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर निर्धास्त घ्या.

फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात डब्ल्यूडीएस सहसा नसतं. त्याच्याशी झटापट करू नका. त्याच्या लॅन पोर्टमधून हातभर केबल काढून आपला स्वतःचा राउटर तिथे लावा, तोच लिंकचं पहिलं टोक. याचाही डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटणारी सेवा, बंदच राहील. आयपी वाटायचं काम फायबरच्या डब्याकडे ठेवा.

जागा

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच: जिथे सिग्नल मरतो तिथेच दुसरा राउटर ठेवला जातो. तिथे त्यालाही काही ऐकू येत नाही. फोनवर वायफायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं एखादं ॲप टाका आणि ५ गिगाहर्ट्‌झला जोडून घरातून चालत जा. उणे ६० ते उणे ६५ डीबीएम जिथे मिळतं ती दुसऱ्या राउटरची जागा. उणे ७० च्या खाली गेलात की लिंक लागेल, पण संध्याकाळी शेजाऱ्यांचे वायफाय जोरात चालू झाले की रखडेल. हा आकडा ऋण आहे हे ध्यानात ठेवा: उणे ५५ हे उणे ७० पेक्षा बरंच चांगलं.

भिंतीसमोर उभे राहून विचार करा. अर्ध्या विटेची पातळ भिंत सिग्नल फार खात नाही. चिरा जाड असतो आणि पावसाळ्यात पाणी धरतो, त्यामुळे मे महिन्यात चाललेली लिंक जुलैत दुबळी होऊ शकते. सळ्यांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि पत्र्याचं छप्पर ही या लिंकची खरी शत्रू. दार किंवा खिडकी सरळ रेषेत येत असेल तर तीच वाट धरा. राउटर जमिनीवर किंवा टीव्हीच्या मागे नको. पाच-सहा फूट उंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

घरातली लिंक: ओपनडब्ल्यूआरटीवर

खालच्या पायऱ्यांत मेनूची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. दोन्ही राउटर आधी एकाच खोलीत, एकमेकांपासून दोन-तीन मीटरवर ठेवून जुळवा. चिकटून ठेवले तर सिग्नल इतका तीव्र होतो की रेडिओचा कान बधिर होतो आणि चांगली लिंकही तुटक दिसते.

उदाहरणात मुख्य राउटरचा, म्हणजे घरात आयपी वाटणाऱ्या यंत्राचा, पत्ता १९२.१६८.१.१ धरला आहे. तुमचा वेगळा असेल, जिओफायबरच्या डब्यावर तो १९२.१६८.२९.१ असतो, तर पहिले तीन आकडे त्याप्रमाणे बदला.

पहिल्या टोकाला:

१. नेटवर्क, मग वायरलेस उघडा. ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओवर एडिट दाबा. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये देश भारत निवडा. दोन्ही टोकांना देश सारखाच हवा, नाहीतर एकाला दिसणारा चॅनल दुसऱ्याला वापरताच येत नाही.

२. चॅनल ऑटोवर ठेवू नका. ३६ ते ४८ मधला किंवा १४९ ते १६१ मधला एक ठरवा. रुंदी ८० मेगाहर्ट्‌झ. आजूबाजूला गर्दी असेल तर ४०, त्यात वेग थोडा कमी पण लिंक शांत.

३. ५२ ते १४४ मधले चॅनल लिंकसाठी टाळा. हे रडारशी वाटून घेतलेले आहेत. यंत्राला सुरू होताना किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि रडारसारखं काही ऐकू आलं की तो चॅनल ३० मिनिटं सोडावा लागतो. फोन दुसऱ्या चॅनलवर जाऊन पुन्हा जुळतो, लिंक मात्र मध्येच कोसळते आणि कारण कुणालाच कळत नाही.

४. त्याच रेडिओवर ॲड दाबून लिंकसाठी वेगळं नाव बनवा. मोड ॲक्सेस पॉइंट डब्ल्यूडीएस, नेटवर्क लॅन. सुरक्षा डब्ल्यूपीए२-पीएसके आणि सायफर सीसीएमपी, किंवा दोन्ही राउटर नवे असतील तर डब्ल्यूपीए३. दोन्हींचं मिश्रण असलेला पर्याय लिंकसाठी नको, आणि टीकेआयपी ही जुनी सायफर तर मुळीच नको, त्याने वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. पासवर्ड वीस अक्षरांचा ठेवा, तो घरात कुणाला सांगायचाच नाही. नाव लपवायची गरज नाही, लपवल्याने सुरक्षा वाढत नाही आणि जोडणी मात्र रडतखडत होते.

दुसऱ्या टोकाला, लॅपटॉप केबलने लॅन पोर्टला जोडून:

१. नेटवर्क, इंटरफेसेस, लॅन, एडिट. पत्ता १९२.१६८.१.२ करा. गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएसही तोच. दोन्ही राउटर नवे असताना दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असतो. हे न बदलता लिंक जोडली तर अख्खं घर बंद पडतं.

२. तिथेच डीएचसीपी सर्व्हरच्या टॅबमध्ये इग्नोर इंटरफेसवर टिक करा. आयपीव्ही६ च्या टॅबमधल्या आरए आणि डीएचसीपीव्ही६ या दोन्ही सेवा डिसेबल करा. पत्ते वाटणारा घरात एकच असावा.

३. सेव्ह अँड अप्लाय. आता ब्राउझरमध्ये नवा पत्ता टाका. ९० सेकंदांत नव्या पत्त्यावर पोचला नाहीत तर राउटर जुनी सेटिंग परत आणतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० असा हाताने पत्ता देऊन पुन्हा करा.

४. वायरलेसमध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओवर स्कॅन, लिंकचं नाव दिसलं की जॉइन नेटवर्क, पासवर्ड. पुढच्या पानावर मोड क्लायंट डब्ल्यूडीएस निवडा आणि नेटवर्कच्या रकान्यात लॅन ठेवा. इथे आपोआप वेगळं नेटवर्क सुचवलेलं असतं. ते तसंच राहू दिलं तर राउटर नेटवर्कचे दोन तुकडे करतो आणि ब्रिज, म्हणजे दोन्ही टोकांचं एकच नेटवर्क, होत नाही.

५. २.४ गिगाहर्ट्‌झवर फोनसाठी वायफाय चालू करा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षा मुख्य राउटरच्या घरगुती वायफायसारखी हुबेहूब. चॅनल मात्र वेगळा: तिकडे १ असेल तर इकडे ६ किंवा ११. रुंदी २० मेगाहर्ट्‌झ.

६. इंटरफेसेसमधल्या डिव्हाइसेसच्या टॅबवर लॅनचा ब्रिज उघडून एसटीपी चालू करा, दोन्ही राउटरवर. हे का, ते पुढे येईल.

दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये काहीही लावायचं नाही. आता लॅपटॉपचा पत्ता पुन्हा आपोआपवर टाका. मुख्य राउटरकडून १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, १९२.१६८.१.१ ला पिंग गेला आणि बाहेरचं संकेतस्थळ उघडलं की लिंक झाली. मग बंद करून ठरलेल्या जागी न्या.

२.४ गिगाहर्ट्‌झवर फोनला प्रत्यक्षात ४० ते ६० एमबीपीएस मिळतात. व्हिडिओ कॉलला ते भरपूर आहेत. जास्त हवं असेल तर दुसऱ्या टोकाला ५ गिगाहर्ट्‌झवरही फोनसाठी नाव उघडता येतं. पण दोन गोष्टी स्वीकाराव्या लागतात: त्या फोनचा वेग लिंकच्या निम्मा, आणि लिंक तुटली की त्या रेडिओवरचं वायफायही दिसेनासं होतं, कारण क्लायंट जोडला जात नाही तोवर त्याच रेडिओवरचा ॲक्सेस पॉइंट उठत नाही. टीव्ही किंवा संगणक तिथे असेल तर त्याला सरळ दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये केबल द्या. या सगळ्या खटाटोपाचं खरं सुख त्यात आहे.

मोजणी

इंटरनेटच्या स्पीड टेस्टने लिंक मोजू नका, त्यात प्लॅनचा आणि बाहेरच्या सर्व्हरचा गोंधळ मिसळतो. दोन लॅपटॉप दोन टोकांना केबलने जोडा, दोन्हीवर आयपर्फ३ हे वेग मोजणारं साधन टाका, एक सर्व्हर, एक क्लायंट, ३० सेकंद चालवा. मग दिशा उलटी करून पुन्हा. राउटर ८६६ एमबीपीएस दाखवत असेल तर जवळून ५०० च्या आसपास मिळणं चांगलं, दोन भिंतींपलीकडे २०० ते ३०० मिळाले तरी काम झालं. दाखवलेला आकडा हवेतल्या बोलण्याचा असतो, त्यातला मोठा वाटा पोच देण्यात आणि वाट बघण्यात जातो.

मग मुख्य राउटरला दहा मिनिटं पिंग लावून ठेवा. १ ते ३ मिलिसेकंद हवेत. मधूनच ८०, १५० अशा उड्या दिसल्या तर वेग कितीही चांगला असो, फोनवरचं बोलणं तुटणार. चॅनल बदला किंवा रुंदी कमी करा.

३०० मीटरवरचं घर

घरातले राउटर खिडकीत ठेवून बागेतल्या घरापर्यंत पोचायचा प्रयत्न करू नका. त्यांचा अँटेना चारही दिशांना फेकतो. इथे दिशा धरणारी बाहेरची यंत्रं हवीत, एका लिंकला दोन. टीपी-लिंकचं सीपीई५१०, युबिक्विटीचं नॅनोस्टेशन ५एसी लोको, मायक्रोटिकचं एसएक्सटी ही याच जातीची. पहिल्या दोघांचा अँटेना १३ डीबीआयचा (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप). सीपीई५१० चा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, तेव्हा हवेत कितीही वेग दिसला तरी ९५ च्या पुढे मिळणार नाही. ५एसी लोकोचा पोर्ट गिगाबिट आहे.

हिशोब सोपा आहे. ३०० मीटर मोकळ्या हवेत ५.८ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल सुमारे ९७ डेसिबल गमावतो. पाठवणाऱ्याचे २३ डीबीएम, दोन अँटेनांचे १३ आणि १३, वजा ९७. उरतात उणे ४८ डीबीएम. म्हणजे भरपूर. एक किलोमीटरला हानी १०८ च्या जवळ जाते आणि उणे ५९ उरतात, तरी चालतं. आकडा यापेक्षा १० ने वाईट आला तर यंत्राला दोष न देता वाट तपासा.

वाट म्हणजे नुसतं समोरचं टोक दिसणं नव्हे. रेडिओची लहर दोन टोकांमध्ये लांबट फुग्यासारखी पसरते आणि मधोमध सगळ्यात जाड होते. ३०० मीटरवर ५.८ गिगाहर्ट्‌झला मध्यावर या फुग्याची त्रिज्या सुमारे २ मीटर असते, त्यातली ६० टक्के, म्हणजे सव्वा मीटरभर, सगळ्या बाजूंनी मोकळी हवी. एक किलोमीटरला त्रिज्या ३.६ मीटर. तेव्हा पोफळीच्या शेंड्याला घासून जाणारी रेषा डोळ्याला मोकळी दिसली तरी रेडिओला नाही. माडाची झावळी वाऱ्याने हलते तसा सिग्नल हलतो. आणि मे महिन्यात पाहिलेली मोकळी वाट श्रावणात पानांनी भरलेली असते. खांबाची उंची पावसाळ्यातलं झाड डोळ्यासमोर आणून ठरवा.

पावसाबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. या अंतरावर ५ गिगाहर्ट्‌झला पाऊस स्वतः जवळजवळ काही करत नाही, अगदी धो धो कोसळला तरी. पावसात लिंक पडते ती ओल्या पानांमुळे आणि जोडात शिरलेल्या पाण्यामुळे.

परवान्याची चिंता नको. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्‌झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याविना वापरायला खुला केला, घराबाहेरही. यंत्रात देश भारत निवडा म्हणजे ताकद मर्यादेत राहते. पालघर जिल्ह्यातली गावं जोडायला आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानेही ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लिंक वापरल्या आहेत, तेव्हा हा मार्ग आपल्याकडच्या डोंगर-झाडीत आजमावलेला आहे.

सामान: दोन यंत्रं त्यांच्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) अडॅप्टरसकट, दीड इंची जीआयचे दोन पाइप, प्रत्येकी दोन क्लँप, बाहेरची यूव्ही सोसणारी शुद्ध तांब्याची कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल, दोन इथरनेट सर्ज प्रोटेक्टर, अर्थिंगची वायर, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. केबल घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज पडतं आणि यंत्र रात्री-अपरात्री स्वतःहून बंद-चालू होत राहतं. या यंत्रांना लागणारी २४ व्होल्टची पॅसिव्ह पीओई साध्या लॅपटॉपच्या किंवा टीव्हीच्या पोर्टमध्ये खुपसू नका, ती न विचारता वीज सोडते आणि पोर्ट जळू शकतो.

दोन्ही यंत्रं आधी टेबलावर, ताकद कमीत कमी करून जुळवा, आणि एका वेळी एकच चालू करून पत्ता बदला, कारण नवी असताना दोघांचा पत्ता एकच असतो: टीपी-लिंकचा १९२.१६८.०.२५४, युबिक्विटीचा १९२.१६८.१.२०, मायक्रोटिकचा १९२.१६८.८८.१. त्यांना १९२.१६८.१.११ आणि १२ असे पत्ते द्या. फायबरकडचं यंत्र ॲक्सेस पॉइंट, बागेकडचं क्लायंट. टीपी-लिंकमध्ये क्लायंटच्या पानावर डब्ल्यूडीएस चालू करा. युबिक्विटीच्या जुन्या एम मालिकेत दोन्ही टोकांना डब्ल्यूडीएसची टिक हवी. मायक्रोटिकमध्ये एकीकडे ब्रिज, दुसरीकडे स्टेशन ब्रिज. स्यूडोब्रिज नावाचा पर्याय दिसेल, तो पत्ते बदलणारा आहे, तो घेऊ नका. अंतराचा रकाना असेल तर खऱ्या अंतरापेक्षा थोडं जास्त भरा. कमी भरलं तर पोच यायच्या आतच यंत्र फ्रेम हरवली असं समजून पुन्हा पाठवत बसतं.

चढवताना पाइप दोन ठिकाणी आवळा, झाडाला बांधू नका. दोन्ही यंत्रं सारखीच उभी. दोघं दोन टोकांना, फोन स्पीकरवर. आधी एकाने डावीकडून उजवीकडे दोन-दोन अंश फिरवायचं, प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबायचं, आकडा ओरडून सांगायचा. सर्वोत्तम जागा वाटली तरी तिथे थांबू नका. पुढे नेऊन आकडा पडतो का बघा, कारण अँटेनाला मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोतही असतात आणि त्यातल्या एकावर माणूस सहज फसतो. हिशोबात उणे ४८ आले होते आणि इथे उणे ६५ वर सुई अडकली तर तुम्ही बाजूच्या झोतावर आहात. मग वर-खाली. मग दुसऱ्या टोकाला तेच. यंत्र दाखवतं त्या दोन चेनचे, म्हणजे आतल्या दोन अँटेनांच्या वाटांचे, आकडे एकमेकांपासून ३ ते ५ डेसिबलच्या आत हवेत.

केबल यंत्रात खालून वर जाईल अशी लावा आणि घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबती कमान द्या, म्हणजे पाणी कमानीच्या तळाशी ठिबकतं, केबल धरून अडॅप्टरपर्यंत येत नाही. सर्ज प्रोटेक्टर केबल घरात शिरते तिथे, अर्थ जाड वायरने जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. वानरांचा वावर असेल तर छपरावरची सगळी केबल पीव्हीसी पाइपात. ती लोंबती केबल धरूनच झोके घेतात.

बागेतल्या घरात यंत्राच्या अडॅप्टरमधून निघालेली केबल एका साध्या ॲक्सेस पॉइंटला द्या, डीएचसीपी बंद. लिंकच्या यंत्राला फोन जोडू नका. आणि लाइट जाते तेव्हा तीन गोष्टी चालू राहायला हव्यात: फायबरचा डबा आणि लिंकची दोन्ही टोकं. एकच इन्व्हर्टरवर असून उपयोग नाही.

तीन किंवा जास्त टोकं

होमस्टेच्या चार खोल्या असतील तर ८०२.११एस मेश बरा. सगळ्यांना एक मेश आयडी, एक चॅनल, एक पासवर्ड. वाट यंत्रं आपसात ठरवतात. ओपनडब्ल्यूआरटीवर आधी मूळचं डब्ल्यूपॅडचं बेसिक पॅकेज काढून त्याचं मेशवालं रूप टाकावं लागतं, नाहीतर पासवर्डने सुरक्षित केलेला मेश उठत नाही. दोन उड्यांच्या पुढे जाऊ नका. फक्त दोनच टोकं असतील तर मेशचा काही फायदा नाही, डब्ल्यूडीएस सोपं आणि शांत.

बिघाड झाला तर

सगळ्या राउटरचे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि काहीच उघडत नसेल तर वळसा पडला आहे. लिंक चालू असताना कुणीतरी दोन टोकांमध्ये केबलही जोडली, आणि फ्रेम गोल गोल फिरत राहिल्या. केबल काढली की मिनिटात निवळतं. एसटीपी चालू ठेवायचं ते यासाठी.

काही फोनना नेट आहे, काहींना नाही, आणि वायफाय बंद-चालू केल्यावर नशीब बदलतं, असं असेल तर दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी चालूच राहिला आहे. नेट न मिळणाऱ्या फोनमध्ये गेटवे बघा, १९२.१६८.१.२ दिसेल.

दुसऱ्या राउटरला नेट, मागच्यांना नाही: डब्ल्यूडीएस एकाच बाजूला लागलं आहे किंवा क्लायंटचं नेटवर्क लॅनमध्ये नाही.

रोज ठरावीक नसलेल्या वेळी लिंक नाहीशी होऊन परत येते: चॅनलचा आकडा बघा, ५२ ते १४४ मध्ये आहे का.

दर पावसात आकडा १० डेसिबलने पडतो आणि ऊन पडल्यावर सुधारतो: झाड छाटा, जोडावरची टेप उलगडून आत हिरवट गंज आहे का पाहा. असेल तर टोक कापून नवा कनेक्टर लावा, पुसून चालत नाही.

फोन माजघरातून पडवीत आला तरी जुन्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो: कुठे जायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. दोन्हीकडे २.४ ची ताकद पायरी-पायरीने कमी करा, फोनला बदल करायचं कारण मिळेल.

सगळं नीट चालू लागल्यावर दोन्ही टोकांच्या सेटिंगचा बॅकअप काढून ठेवा आणि प्रत्येक यंत्राच्या अडॅप्टरवर त्याचा पत्ता आणि चॅनल न पुसणाऱ्या शाईने लिहा. लिंकचा सिग्नलचा आकडा तारखेसह तिथेच लिहा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तुलना करायला हाताशी राहील.